‘व्हायरस सहनशील’ म्हणजे कोणत्या विषाणूला? बियाण्याच्या पाकिटावर जनुकाचे नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टोमॅटोचा दर आणि टोमॅटोवरचा व्हायरस या दोन बातम्या सातारा-सांगलीच्या पानांवर दर हंगामात येतात. दराच्या बातमीत बाजार समिती, आवक, प्रतीनुसार भाव असा सगळा तपशील असतो. व्हायरसच्या बातमीत मात्र ‘विषाणूजन्य रोगाचा प्रादुर्भाव, शेतकरी हवालदिल’ यापुढे काही नसते. यात बातमीदाराचा दोष नाही. ज्याचा प्लॉट गेला त्या शेतकऱ्याला विषाणूचे नाव माहीत नसते, रोपे देणाऱ्या रोपवाटिकेलाही नसते. ज्या पाकिटातले बी ट्रेमध्ये टोचले त्या पाकिटावर फक्त ‘व्हायरस सहनशील’ असे लिहिलेले असते. कोणत्या विषाणूला सहनशील, कोणत्या जनुकामुळे आणि किती, हे मात्र वाण तयार करणाऱ्याला पक्के ठाऊक असते. त्याने ते वाण नुसते शेतात झाडे बघून निवडलेले नसते. रोप दोन-तीन पानांवर असतानाच त्याचा डीएनए तपासून, हवे ते जनुक असलेलीच रोपे पुढे नेलेली असतात. एवढी नेमकी माहिती तयार असताना पाकीट विकत घेणाऱ्याला ती का मिळू नये, या प्रश्नासाठी हे पत्र.

टोमॅटो, वांगी, मिरची, ढोबळी, बटाटा आणि तंबाखू ही सगळी एकाच कुळातली पिके. यांतल्या पहिल्या चार पिकांत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात आणि त्यांवरच्या जनुकांचा क्रम बराचसा जुळतो. बटाट्याचा जिनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची संपूर्ण अक्षरमाला, २०११ मध्ये, टोमॅटोचा २०१२ मध्ये, मिरचीचा आणि वांग्याचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. टोमॅटोचा जिनोम सुमारे ९० कोटी अक्षरांचा असून त्यात ३५ हजारांच्या आसपास जनुके आहेत. अनेक देशांनी मिळून केलेल्या त्या कामात पाचवे गुणसूत्र भारतीय शास्त्रज्ञांकडे होते. म्हणजे या विज्ञानात आपण परके नाही. पर्णगुच्छ विषाणूला रोखणारे टीवाय-२ हे जनुक तर भारतातच कल्लू आणि बॅनर्जी या शास्त्रज्ञांनी रानटी टोमॅटोतून लागवडीच्या टोमॅटोत आणले. १९९० च्या सुमारास त्यांनी दिलेले एच-२४ हे वाण आजही जगभरच्या पैदासकारांना माहीत आहे.

आता शेताकडे येऊ. ‘व्हायरस’ या एका शब्दाखाली आपल्याकडे टोमॅटोत निदान चार वेगळे रोग मोडतात. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पर्णगुच्छ विषाणू (बेगोमोव्हायरस): शेंड्याची पाने वर वळतात, लहान व पिवळसर होतात, झाड खुजे राहते. फुलकिड्यांमुळे पसरणारा भुईमुगाचा कळी-करपा विषाणू, म्हणजे जीबीएनव्ही: कोवळी पाने तांबूस-काळपट पडतात, खोडावर काळे चट्टे येतात, फळावर गोल कडी उमटतात. माव्यामुळे येणारा काकडी मोझॅक विषाणू, म्हणजे सीएमव्ही: पाने दोरीसारखी अरुंद होतात, फळ एकसारखे रंगत नाही. आणि कुठल्याही किडीशिवाय नुसत्या हाताने, विळ्याने, बांबू-तारेने, बियाण्याच्या टरफलावरून पसरणारे टोबॅमो गटातले मोझॅक विषाणू.

२०२० च्या उन्हाळ्यात सातारा, पुणे, नगर, नाशिक भागात फळांवर लाल-पिवळे-हिरवे पट्टे दिसले आणि शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ नाव दिले. परदेशातून आलेल्या नव्या टोबॅमो विषाणूची शंका तेव्हा बोलून दाखवली गेली. नमुन्यांच्या तपासणीत मुख्यतः सापडला तो सीएमव्ही. त्या वेळी ज्यांच्या पाकिटावर ‘व्हायरस सहनशील’ लिहिले होते त्यांची फसवणूक झाल्याची भावना होती आणि ती स्वाभाविक होती. पण ज्या जनुकामुळे ते शब्द छापले जातात ते सीएमव्हीसाठी नसतेच. सीएमव्हीला अडवणारे भरवशाचे जनुक बाजारातल्या टोमॅटो वाणांत नाही. शिवाय मावा हा विषाणू काही सेकंदांच्या सोंडघुसळीत सोडून जातो. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत काम झालेले असते.

पाकिटावरच्या त्या शब्दांमागे बहुतेक वेळा टीवाय-१, टीवाय-३ किंवा टीवाय-२ असते. टीवाय-१ आणि टीवाय-३ ही वेगळी मानली जात होती, पण ती सहाव्या गुणसूत्रावरच्या एकाच जनुकाची दोन रूपे निघाली. दोन्ही सोलॅनम चिलेन्से या रानटी टोमॅटोतून आलेली. हे जनुक विषाणूला मारत नाही. विषाणूच्या डीएनएवर रासायनिक कुलूप बसवण्याची झाडाची स्वतःची व्यवस्था ते बळकट करते, त्यामुळे विषाणू झाडात शिरतो पण फार वाढत नाही. यातून व्यवहाराच्या तीन गोष्टी निघतात.

पहिली, संसर्ग किती लवकर झाला याला फार महत्त्व आहे. ट्रेमधल्या १५ दिवसांच्या रोपाला पांढरी माशी लागली तर टीवाय असूनही झाड मागे पडते. म्हणून रोपवाटिकेला ४० ते ५० मेशची जाळी आणि दोन दारांची ओवरी हवीच. दुसरी, सीएमव्ही सोबत आला तर टीवाय-१ ढासळते, हे प्रयोगांत दिसलेले आहे. सीएमव्ही झाडाची नेमकी तीच संरक्षण-व्यवस्था निकामी करतो. आपल्याकडच्या पर्णगुच्छ विषाणूंसोबत पुष्कळदा फिरणारा बीटा-सॅटेलाइट नावाचा छोटा डीएनएही या जनुकाचे बळ कमी करतो. ‘सहनशील वाण असून प्लॉट गेला’ अशा तक्रारींमागे ही मिश्र लागण असू शकते, आणि प्रयोगशाळेत न पाठवता ती ओळखता येत नाही. तिसरी, हे जनुक अंशतः प्रभावी आहे. झाडाला आई-बाप दोघांकडून मिळाले तर संरक्षण चांगले, एकाकडूनच मिळाले तर कमी. संकरित वाणात ते एका मात्रेत आहे की दोन, हे म्हणूनच कळले पाहिजे.

टीवाय-२ चे काम निराळे आहे. ते अकराव्या गुणसूत्रावर आहे, विषाणूचे एक ठरावीक प्रथिन ओळखते आणि ओळख पटली तरच झाडाला सावध करते. भारतात टोमॅटोचे पर्णगुच्छ विषाणू एक-दोन नाहीत. न्यू दिल्ली, बंगळूर, गुजरात, जॉयदेबपूर, पालमपूर अशा नावांच्या कितीतरी जाती आहेत आणि टीवाय-२ सगळ्यांना ओळखत नाही. दोन वेगळ्या प्रकारची जनुके एकाच वाणात ठेवणे हा यावरचा शहाणा उपाय आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘अर्का अभेद’ संकरात टीवाय-२ व टीवाय-३ सोबत उशिरा येणाऱ्या करप्यासाठी पीएच-२ व पीएच-३ ही जनुके आहेत, आणि संस्था ती नावानिशी सांगते. सरकारी संस्थेला जे सांगता येते ते खासगी बियाणे-विक्रेत्यालाही सांगता आले पाहिजे.

सूत्रकृमी, म्हणजे जमिनीतले अतिसूक्ष्म जंत, रोखणाऱ्या जनुकाचेही असेच. मी-१ हे जनुक मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना रोखते, पण जमिनीचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या वर गेले की ते काम थांबवते. एप्रिल-मेमध्ये माण, आटपाडी, जतच्या रानात वरच्या थरात हे तापमान सहज ओलांडले जाते. उन्हाळी लागणीत मी-१ वर विसंबून निंबोळी पेंड किंवा जैविक उपाय सोडले की गाठी दिसू लागतात आणि दोष बियाण्यावर जातो. पेरूच्या बागांत शिरलेल्या एंटरोलोबाय जातीच्या सूत्रकृमीला तर मी-१ कोणत्याच तापमानात अडवत नाही. पेरूची बाग काढून त्याच रानात टोमॅटो लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गुंता. मी-१ आणि टीवाय-१ दोन्ही सहाव्या गुणसूत्रावर, एकमेकांच्या जवळ आणि वेगवेगळ्या रानटी जातींतून आलेली. ती एकाच गुणसूत्रावर आणणे अवघड असते, म्हणून पैदासकार पुष्कळदा एका पालकाकडून टीवाय आणि दुसऱ्याकडून मी घेतो. अशा संकराचे बी घरी धरले तर पुढच्या पिढीत साधारण पाव झाडांत फक्त टीवाय, पाव झाडांत फक्त मी, आणि निम्म्यांतच दोन्ही मिळतात. ‘संकरिताचे बी धरू नका’ असे नुसते सांगण्यापेक्षा हा हिशेब सांगितला तर शेतकऱ्याला लगेच पटतो.

परदेशातल्या भाजीपाला बियाण्यांच्या याद्या पाहाव्यात. तिथे प्रत्येक वाणापुढे ‘एचआर’ म्हणजे उच्च प्रतिकार, किंवा ‘आयआर’ म्हणजे मध्यम प्रतिकार, आणि त्यापुढे रोगाचे संकेताक्षर व रोगजंतूचा प्रकार क्रमांक दिलेला असतो. मर रोगाच्या बुरशीचे कोणते प्रकार अडतात, मोझॅकचे कोणते, सूत्रकृमीच्या कोणत्या जाती, सगळे. पर्णगुच्छापुढे त्या याद्यांत बहुतेक वेळा ‘आयआर’ असते, म्हणजे दाब वाढला तर लक्षणे दिसणार हे विक्रेता आधीच मान्य करतो. शिवाय ती चाचणी तिकडच्या विषाणूवर झालेली असते, इथल्या नव्हे. आपल्या पाकिटावर उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख आणि मुदत असते, प्रतिकाराबद्दल मात्र एक मोघम विशेषण. आमची मागणी साधी आहे. मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत, एवढे छापावे: जनुकाचे नाव, मात्रा एक की दोन, कोणत्या रोगासाठी, उच्च की मध्यम, आणि भारतातल्या कोणत्या विषाणूवर चाचणी घेतली. यात कोणतेही व्यापारी गुपित उघडे पडत नाही. पालक वाणे गुप्तच राहतात. प्रतिस्पर्ध्याला जनुक शोधायचेच असेल तर तो बाजारातून पाकीट घेऊन दोन दिवसांत शोधतो. अंधारात राहतो तो फक्त शेतकरी.

छापलेले खरे आहे का, हे तपासायचे कसे? त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. रोपाचे कोवळे पान, ५० ते १०० मिलिग्रॅम, कागदी पाकिटात सिलिका जेलसोबत सुकवून पाठवले तरी चालते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओले पान भरून एसटीने पाठवले की ते सडते आणि डीएनए तुटतो. नमुने वाया जाण्याचे हे नेहमीचे कारण. प्रयोगशाळेत पान वाटून सीटॅब नावाच्या द्रावणात ६५ अंशांवर अर्धा ते एक तास ठेवायचे, क्लोरोफॉर्मने प्रथिने वेगळी करायची, आयसोप्रोपॅनॉलने डीएनए खाली बसवायचा आणि ७० टक्के अल्कोहोलने धुवायचा. वांग्याच्या पानात फिनॉल भरपूर असतात, द्रावण तपकिरी होते आणि पुढची पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची क्रिया, अडते. त्यासाठी द्रावणात फिनॉल धरून ठेवणारे पीव्हीपी २ टक्के घालावे लागते. मग पीसीआरच्या ३५ फेऱ्या आणि २ टक्के अगॅरोज जेल; त्यावर डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळ्या पट्ट्यांत दिसतात.

निकाल वाचताना घाई करू नये. टीवाय-३ साठी पी६-२५ नावाचा जुना मार्कर, म्हणजे डीएनएवरची खूण, वापरतात. साध्या झाडाचा पट्टा ३२० बेस-जोड्यांवर (डीएनएच्या लांबीचे माप) येतो, टीवाय-३ चा ४५० वर, टीवाय-३ए चा ६३० वर आणि टीवाय-३बी चा ६६० वर. शेवटचे दोन साध्या जेलवर एकमेकांत मिसळलेले दिसतात, आणि नवख्या माणसाचा घोटाळा तिथेच होतो. दोन्ही पट्टे, ३२० आणि ४५०, दिसले तर मात्रा एक. फक्त ४५० दिसला तर मात्रा दोन. काही मार्कर मात्र केवळ ‘आहे किंवा नाही’ एवढेच सांगतात, त्यांच्यावरून मात्रा ठरवू नये. प्रत्येक खेपेत जनुक नक्की असलेले एक झाड, नक्की नसलेले एक झाड आणि डीएनए न घातलेली एक नळी, हे तीन ताळे ठेवल्याशिवाय अहवालावर सही करू नये. आणि मार्कर म्हणजे जनुक नव्हे. तो जनुकाशेजारचा खुणेचा दगड असतो. दोघांत अंतर असेल तर कधीतरी खूण राहते आणि जनुक निसटते. जनुकाच्या आतल्याच एका अक्षराच्या फरकावर बेतलेला एसएनपी मार्कर म्हणून अधिक भरवशाचा.

किती रोपे तपासायची, हेही शेतकरी-गटांनी समजून घ्यावे. एका लॉटमधली ३० रोपे स्वतंत्र तपासली आणि सगळ्यांत जनुक निघाले, तर भेसळ १० टक्क्यांपेक्षा कमी आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. भेसळ ५ टक्क्यांपेक्षा कमी असल्याची तेवढीच खात्री हवी तर ६० रोपे, १ टक्क्यापेक्षा कमी असल्याची हवी तर ३००. पाच-दहा पाने एकत्र वाटून केलेल्या चाचणीत विषाणू आहे की नाही हे कळते, भेसळ कळत नाही.

याला लागणारे यंत्र आपल्याकडे नवे नाही. २०२० मध्ये मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आरटी-पीसीआर तपासणी सुरू झाली तेव्हा हा शब्द घराघरांत पोचला. जनुकाचा एसएनपी मार्कर वाचणारे आणि पानातला विषाणू शोधणारे यंत्र त्याच जातीचे असते. दोन्ही जिल्ह्यांतल्या कृषी व विज्ञान महाविद्यालयांत पीसीआर शिकवली जाते. कमी आहे ती रसायनांसाठी नियमित निधीची, प्रशिक्षित माणसाची आणि हंगामात आठवड्याच्या आत अहवाल देण्याच्या बांधिलकीची. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मार्करची यादी आणि खात्रीचे नमुने पुरवले, तर जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम चालू शकते.

वांग्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण इथे आपले स्वतःचे काही पणाला लागले आहे. कृष्णाकाठचे काटेरी वांगे मळीच्या रानात पिकते आणि भरल्या वांग्यासाठी लोक ते नाव घेऊन मागतात. पण त्याचे बी ज्याचे त्याने धरलेले, त्यामुळे एका गावातले वाण दुसऱ्या गावातल्यासारखे असेलच असे नाही. मर रोग आणि अळीला कंटाळून ज्यांनी संकरित वांगी लावली त्यांच्या रानातून हे बी कायमचे जाते. मार्करच्या साह्याने पैदास करण्याचा खरा उपयोग अशा ठिकाणी आहे: चव, गर, रंग तोच ठेवून फक्त नको ते काढणे किंवा हवे ते घालणे.

आधी ठरवावे लागते की मर कशाची. रोगट झाडाचे खोड जमिनीलगत कापून त्याचा तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगावा. काही मिनिटांत दुधी धार खाली उतरली तर मर जिवाणूची, राल्स्टोनियाची. धार आली नाही आणि खोडाच्या आत तपकिरी रेषा दिसल्या तर संशय बुरशीवर. जिवाणूच्या मरीसाठी वांग्यातच प्रतिकारक वाणे आहेत, त्यांचा दाता, म्हणजे जनुक देणारे झाड, म्हणून वापर होतो. आज लगेच उपाय हवा असेल तर रानवांग्याच्या किंवा प्रतिकारक वांग्याच्या खुंटावर कलम, हाच.

बॅकक्रॉस म्हणजे दात्याशी केलेला संकर पुन्हा पुन्हा मूळ वांग्याशीच करणे. त्याची रीत अशी. वांग्याला लांब, मध्यम आणि आखूड स्त्रीकेसराची फुले येतात. संकरासाठी लांब स्त्रीकेसराचेच फूल घ्यावे, आखडलेल्यात फळ धरत नाही. उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी परागकोष काढून फूल पिशवीत झाकायचे, सकाळी परागीभवन करायचे. पहिल्या बॅकक्रॉसनंतर मूळ वांग्याचा वाटा सरासरी ७५ टक्के, दुसऱ्यानंतर ८७.५, तिसऱ्यानंतर ९३.७५. ही सरासरी आहे. प्रत्येक पिढीत शंभरेक रोपांची सर्व १२ गुणसूत्रांवर मार्करने तपासणी करून त्यांतली सर्वांत जवळची निवडली तर दुसऱ्याच पिढीत तिसरीच्या पुढे जाता येते.

पण जनुकाला चिकटून आलेला दात्याचा तुकडा आपोआप जात नाही. टोमॅटोत मोझॅकसाठी आणलेल्या टीएम-२ जनुकाभोवतीचे तुकडे १९८९ मध्ये मोजले गेले. ते ४ पासून ५१ सेंटिमॉर्गनपर्यंत (गुणसूत्रावरच्या अंतराचे माप) लांब निघाले, आणि ११ वेळा बॅकक्रॉस केलेल्या एका वाणात गुणसूत्राचा तो सगळा बाहू दात्याचाच होता. चव बिघडते ती अशा तुकड्यांमुळे. जनुकापासून १ सेंटिमॉर्गनच्या आत तुकडा तोडायचा तर एका बाजूला साधारण ३०० रोपे तपासावी लागतात. हे काम कागदावर नीरस दिसते, पण ‘नव्या वाणाला जुनी चव नाही’ या तक्रारीवर दुसरे औषध नाही.

काट्यांचा प्रश्न गमतीदार आहे. देठावरचे काटे वांगी तोडणाऱ्या बाईमाणसांच्या बोटांत मोडतात, आणि गिऱ्हाईक मात्र काटे बघूनच अस्सल वांगे ओळखते. २०२४ मध्ये दाखवले गेले की वांग्याच्या कुळात काटे जाण्यामागे लॉग नावाच्या जनुकांतले बदल आहेत. म्हणजे चवीला धक्का न लावता काटे काढणे आता शक्य कोटीतले आहे. आमच्या मते कृष्णाकाठच्या वांग्यात ते करू नये, निदान खूण म्हणून देठावर तरी ठेवावेत. पण हा निर्णय वांगी लावणाऱ्या आणि तोडणाऱ्यांनी घ्यायचा आहे, प्रयोगशाळेने नव्हे.

त्याआधी बी जपावे लागेल. गावोगावचे नमुने घेताना प्रत्येक ठिकाणी किमान २० झाडे निवडावीत, फुले उमलण्याआधी कापडी पिशवीने झाकावीत, कारण मधमाश्यांमुळे वांग्यात परपरागीभवन होते. फळ झाडावर पूर्ण पिवळे होऊ द्यावे, बी धुऊन सावलीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावे आणि हवाबंद ठेवावे. एक भाग दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे जावा. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्यांच्या नावाने नोंदणी व्हावी, म्हणजे उद्या या वांग्यातून कोणी नवे वाण काढले तर मूळ मालकी लेखी राहील.

शेंडे व फळ पोखरणाऱ्या अळीबद्दल खोटी आशा दाखवू नये. तिला अडवणारे एखादे ठळक जनुक लागवडीच्या वांग्यात सापडलेले नाही, त्यामुळे मार्करने तो प्रश्न सुटत नाही. बीटी वांगे, म्हणजे अळीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेले वांगे, हा वेगळा मार्ग होता. २००९ मध्ये त्याला अशी पिके तपासणाऱ्या केंद्राच्या समितीची मंजुरी मिळाली आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती आली. त्या वादाची छाया मार्कर पैदाशीवर पडते आणि ‘डीएनए तपासलेले वाण म्हणजे जीएम’, म्हणजे परके जनुक घातलेले, असा समज पसरतो. तो चुकीचा आहे. टीवाय, मी, पीएच ही सगळी जनुके नात्यातल्या रानटी झाडांशी केलेल्या संकराने आलेली आहेत; डीएनए फक्त वाचला जातो. जनुक-संपादन, म्हणजे झाडाच्या स्वतःच्याच डीएनएत नेमका बदल करणे, हे तिसरेच तंत्र. परके जनुक न घालता केलेल्या संपादनाला मार्च २०२२ च्या आदेशाने जीएमच्या नियमांतून बरीच सूट मिळाली आणि मे २०२५ मध्ये देशात भाताची अशी दोन वाणे जाहीर झाली. वांगी-टोमॅटोतही ती येतील. तेव्हा पाकिटावर काय छापायचे याचा नियम आधीच तयार असलेला बरा.

मिरचीत चित्र अजून अपुरे आहे. तिचा जिनोम टोमॅटोच्या जवळपास चौपट, आणि पर्णगुच्छासाठी टीवायइतके घासूनपुसून वापरलेले जनुक तिच्याकडे नाही. शिवाय चुरडा-मुरडा म्हणून जे दिसते ते सगळे विषाणूचे नसते. पाने वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळून देठ लांबले तर कोळी, पाने बारीक व शिरांमध्ये पिवळी आणि झाड खुजे राहिले तर विषाणू. कोळी असताना फुलकिड्यांचे औषध मारले की पैसे वाया जातात आणि वाण बदनाम होते. बटाट्यात प्रत्येक जनुकाच्या चार प्रती असल्याने पैदास आणखी किचकट. खटाव-कोरेगावच्या खरीप बटाट्यासाठी आज महत्त्वाचे आहे ते परराज्यातून येणाऱ्या बेण्याचा विषाणू-चाचणी अहवाल मागून घेणे.

पाकिटाचा नियम दिल्लीत ठरेल, त्याला वेळ लागेल. रोपवाटिकांच्या पावतीला मात्र कोणाची वाट पाहायची गरज नाही. वाण, लॉट क्रमांक, टोचणीची तारीख, जाळीचा मेश आणि रिकाम्या पाकिटाचा फोटो, एवढे पावतीवर मागा. प्रत्येक लॉटची ३० पाने सुकवून रोपवाटिकेने आणि शेतकऱ्याने एकेक संच वर्षभर जपून ठेवावा. प्लॉट बिघडला तर रोगट पान आणि हे सुकलेले पान, दोन्ही एकत्र तपासणीला पाठवता येतील, आणि पंचनाम्यात ‘अज्ञात विषाणू’ऐवजी विषाणूचे आणि जनुकाचे नाव लिहिता येईल.

आपले,
भाजीपाला पैदास व रोपवाटिका क्षेत्रातील काही तंत्रज्ञ
वाळवा (जि. सांगली) व कराड (जि. सातारा)